विज्ञान आणि वाणिज्य : एकाच विद्यार्थ्याने दोन्ही शिकावे काय?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने आम्हांला विषय दिला तो ‘उच्च शिक्षण आणि आपला समाज’ हा. विषय फार मोठा आहे. मोठ्या विषयावर बोलणारा माणूस पुष्कळ बोलतो आणि काहीच न सांगता खाली बसतो, असा आमचा अनुभव आहे. म्हणून त्यातला एकच तुकडा आम्ही उचलला आहे. आपल्या मुलामुलींनी विज्ञान आणि वाणिज्य या दोन्ही गोष्टी एकदम शिकाव्यात काय, शिकता येतात काय, आणि शिकून नंदुरबार जिल्ह्यात त्यांचा उपयोग काय, एवढेच आज बोलू.

हा विषय आम्हांला का सुचला ते सांगतो. वस्तीत कोणी पाहुणा आला की विचारतो, ‘तुना पोऱ्या काय शिकस?’ आणि बाप छाती पुढे काढून सांगतो, बी.एस्सी. झाला. छान. पुढचा प्रश्न येतो, आता काय करतो? तेव्हा बाप जमिनीकडे पाहतो. पोलीस भरतीची तयारी करतो, तलाठ्याची परीक्षा देतो, जागा निघण्याची वाट बघतो. बी.कॉम. झालेल्याची गोष्ट थोडी वेगळी. तो मार्केटात कोणाच्या तरी पेढीवर बिले लिहितो, संगणकावर जीएसटी भरतो, पण पेढी दुसऱ्याची. परीक्षा देण्यात वाईट काही नाही, आमचाही त्याला विरोध नाही. पण शंभर पोरे बसतात आणि दोन लागतात. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांच्या हातात काय आहे, हा विचार आईबापांनी दहावीच्या निकालाच्या दिवशीच करायला हवा, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी नव्हे.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये विज्ञान आणि वाणिज्य या दोन्ही पदव्या एकत्र घेण्याची चांगली रुळलेली पद्धत आहे. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात ती आहे, ऑकलंड विद्यापीठात आहे. एक एक करून घेतल्या तर सहा वर्षे लागतील अशा दोन पदव्या तिथे सुमारे चार वर्षांत होतात, कारण काही विषय दोन्हीकडे धरले जातात. विद्यार्थी सकाळी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतो आणि दुपारी हिशोबशास्त्राच्या वर्गात. आपल्याकडे असे ऐकले की लोक म्हणतात, हे श्रीमंतांचे चोचले. आमचे म्हणणे उलट आहे. याची गरज श्रीमंतापेक्षा आपल्यालाच जास्त आहे. श्रीमंत माणूस पगार देऊन केमिस्ट ठेवू शकतो, वेगळा मुनीम ठेवू शकतो. ज्याच्याकडे दोघांना पगार द्यायची ऐपत नाही, त्याच्या एकाच डोक्यात दोन्ही विद्या असल्या पाहिजेत.

आता परदेश सोडू आणि आपल्या मिरचीवर येऊ. नंदुरबारची मिरची कोणाला सांगायला नको. हंगामात ओल्या लाल मिरचीच्या गाड्या बाजार समितीत लागतात आणि शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल गालिचा पसरतो. आपल्या कितीतरी माउल्या तिथे मिरची पसरायला आणि देठ खुडायला गेल्या आहेत. हाताची आग रात्री खोबरेल तेल लावले तरी जात नाही. मिरचीशी आपली ओळख त्या आगीपुरतीच राहिली. त्या पथारीवर पैसा कुठे तयार होतो, ते आपण कधी हिशोबाने पाहिले नाही.

हे गणित सोपे आहे, मुलांनी कागदावर मांडून बघावे. शंभर किलो ओली मिरची घेतली आणि तिच्यात सत्तर टक्के पाणी धरले, तर खरा माल तीस किलो. ती वाळवून दहा टक्के ओलाव्यावर आणली, तर सुकी मिरची भरते साधारण तेहतीस किलो. वाळवताना घाई केली, पंधरा टक्के ओलावा राहू दिला, तर भरते पस्तीस किलो. म्हणजे शंभर किलोमागे दोन किलो वजन जास्त. शंभर क्विंटल ओल्या मालामागे दोन क्विंटल. नुसता हिशोब शिकलेला पोरगा म्हणेल, वा, दोन क्विंटलचे पैसे फुकट मिळाले! नुसते विज्ञान शिकलेला म्हणेल, अरे, पंधरा टक्के ओलाव्याचा माल पोत्यात भरून ठेवलास तर बुरशी धरेल. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, ते यकृताला घातक असते आणि भाजून, शिजवून नीट जात नाही. युरोपच्या बाजारात मिरचीत एका किलोमागे एकूण दहा मायक्रोग्रॅमपर्यंतच ते चालते. दहा मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाखावा भाग. तेवढ्यावर गेले की माल नाकारला जातो. दोन क्विंटलच्या लोभापायी अख्खा ट्रक परत!

यात खरे कोणाचे? दोघांचेही अर्धे. किती टक्के ओलाव्यावर थांबायचे, ओलावा मोजायचे यंत्र घ्यायचे की नाही, त्याची किंमत किती हंगामांत वसूल होईल, अवकाळी पाऊस आला तर ताडपत्रीचा खर्च परवडतो की विमा, उन्हात रंग उडून मिरची पांढरी पडते तेव्हा भाव किती उतरतो, आणि त्यापेक्षा वाळवणी यंत्र स्वस्त पडेल काय? या प्रश्नांतला एकही प्रश्न नुसत्या विज्ञानाचा नाही आणि नुसत्या वाणिज्याचाही नाही. ज्याला दोन्ही कळते तो पथारीवर मजूर म्हणून जात नाही, आणि गेलाच तर फार दिवस मजूर राहत नाही.

उसाचेही तेच. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आहे. उसाचा सरकारी भाव उताऱ्यावर ठरतो, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली यावर. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरवला, आणि त्यापुढे उतारा ०.१ टक्क्याने वाढला की ३ रुपये ४६ पैसे जास्त. आता ०.१ टक्का म्हणजे प्रयोगशाळेतला एक बारीक आकडा. पण कोणत्याही कारखान्याने एक लाख टन ऊस गाळला असे धरा. त्या बारीक आकड्याचे ३४ लाख ६० हजार रुपये होतात. हा आकडा ज्याला वाचता येतो आणि ज्याला तपासताही येतो, त्याला सभेत कोणी गप्प बसवू शकत नाही. आपण मात्र उसाच्या धंद्यात बहुतेक तोडणीपुरतेच असतो. तेही असो.

नवापूरची गोष्ट मात्र जरा थांबून सांगायला हवी. नवापूर तालुक्यात अंड्यांच्या पोल्ट्र्या मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या होत्या. २००६ च्या फेब्रुवारीत तिथे कोंबड्या पटापट मरू लागल्या. सुरुवातीला ही राणीखेत आहे असा समज होता. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ ला जाहीर झाले की हा बर्ड फ्लू आहे, भारतात पहिल्यांदा सापडलेला. त्यानंतर लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, अंड्यांचे भाव देशभर कोसळले आणि नंदुरबार जिल्ह्याचे नाव जगाच्या वर्तमानपत्रांत आले. २०२१ मध्ये तिथेच पुन्हा साथ आली.

अशा वेळी कोणते ज्ञान कामाला येते? रोगाचे लक्षण ओळखणे, पक्ष्यांचे लसीकरण, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची फवारणी, बाहेरच्या माणसाला शेडमध्ये न सोडणे, हा भाग विज्ञानाचा. आणि खाद्यावर सर्वांत मोठा खर्च होतो तो हातात किती दिवसांचा ठेवायचा, सगळे पक्षी एका शेडमध्ये न ठेवता दोन ठिकाणी ठेवले तर खर्च किती वाढतो आणि धोका किती कमी होतो, नुकसानभरपाई मागायची तर पक्ष्यांची रोजची नोंद कोणत्या वहीत असली पाहिजे, बँकेचा हप्ता लांबवायला कोणता कागद लागतो, हा भाग वाणिज्याचा. जो फक्त पहिला भाग जाणतो तो कोंबडी वाचवतो पण धंदा बुडवतो. जो फक्त दुसरा जाणतो त्याच्या वह्या चोख असतात, शेड मात्र रिकामी. मोठ्या कंपन्यांकडे पशुवैद्य वेगळा असतो आणि हिशोबनीस वेगळा. पाचशे पक्षी पाळणाऱ्या आपल्या माणसाला ते कसे परवडणार?

आता बाबासाहेबांकडे येतो. त्यांच्या पदव्यांची यादी आपण जयंतीला दरवर्षी वाचतो, पण वाचताना एका गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही. लंडन विद्यापीठातून त्यांनी घेतलेल्या दोन पदव्या एम.एस्सी. आणि डी.एस्सी. या होत्या. दोन्हींत ‘एस्सी’ म्हणजे सायन्स, विज्ञान! आणि विषय काय? सरकारी वित्तव्यवस्था आणि रुपया. लंडन विद्यापीठात अर्थशास्त्राला विज्ञानाच्या पदव्या देण्याची पद्धत होती, म्हणून तसे नाव आले, हे खरे. पण त्यात केवळ नावाचा योगायोग आहे असे आम्हांला वाटत नाही. रुपयाचा भाव वर-खाली झाला की कोणाचा खिसा भरतो आणि कोणाचा रिकामा होतो, हे त्यांनी भावनेने सांगितले नाही, आकड्यांनी सिद्ध केले. रुपया घसरला की व्यापाऱ्याचा फायदा होतो, पण मजुरी महागाईच्या मागे पडते आणि मजूर भरडला जातो, हा त्यांचा मुद्दा होता. पैशाकडे विज्ञानाच्या कडक शिस्तीने पाहणे म्हणजे काय, ते तिथे दिसते.

आणखी एक. ऑक्टोबर १९१६ मध्ये त्यांनी एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घातले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी. आजच्या भाषेत हा दोन पदव्यांचा विद्यार्थी. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये दोन्ही अर्धवट टाकून परतावे लागले. मग १९१८ च्या नोव्हेंबरपासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी राजकीय अर्थशास्त्र शिकवले. सिडनहॅम हे वाणिज्याचे कॉलेज, हे ध्यानात ठेवा. तिथून पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डी.एस्सी. म्हणजे ज्या दोन गोष्टी एकदम सुरू केल्या होत्या त्या दोन्ही पुऱ्या केल्या, पण सात वर्षांनी, आणि मधे खंड पडून. ज्या आईबापांचा मुलगा एका वर्षी नापास झाला म्हणून घरात सुतक बसते, त्यांनी हा सात वर्षांचा हिशोब लक्षात ठेवावा.

त्यांच्या व्यवसायाची एक हकिगत कीरांच्या चरित्रात आहे, ती फारशी सांगितली जात नाही. परदेशातून आल्यावर त्यांनी शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचे काम सुरू केले होते. काम चालू लागले. मग सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे लोकांना कळले आणि गिऱ्हाईक यायचे बंद झाले. कोलंबियात शिकलेला माणूस! तेव्हा मुलांनो, आम्ही तुम्हांला असे सांगणार नाही की दोन पदव्या घेतल्या की बाजार तुमच्यासाठी दार उघडून उभा आहे. बाजाराला जात असते, ती आजही कमी-जास्त प्रमाणात असते. पण विद्या हातात असलेल्या माणसाला दुसरे गिऱ्हाईक शोधता येते, विद्या नसलेल्याला पहिल्याच दारातून परत फिरावे लागते.

१९४२ मध्ये व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रज्ञानाच्या शिक्षणाला दरसाल दोन लाख आणि परदेशी शिक्षणाला एक लाख रुपये मागितले. कला आणि कायद्याच्या शिक्षणापेक्षा विज्ञान-तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण आपल्या मुलांना अधिक उपयोगी, असे त्यांचे स्पष्ट मत होते, स्वतः बॅरिस्टर असताना. आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीने काय केले? १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले ते कला आणि विज्ञानाचे. १९५३ ला त्याच शहरात सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढले. आपल्या घरात मात्र विज्ञान म्हणजे हुशार पोरासाठी आणि कॉमर्स म्हणजे मार्क कमी पडलेल्यासाठी, अशी नवीन वर्णव्यवस्था तयार झाली आहे. ती कुठून आली, देव जाणे! (हशा.) बरं, देव म्हणू नये इथे, मागे घेतो.

आता कामाचे बोलू. हे सगळे नंदुरबारला, शहाद्याला, तळोद्याला राहून करता येते काय? येते. रस्ते तीन-चार आहेत.

पहिला रस्ता २०२२ पासून मोकळा झाला. त्याआधी एका वेळी दोन पूर्ण पदव्या करायला परवानगी नव्हती. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ती दिली. दोन्ही पदव्या कॉलेजात बसून करायच्या तर वर्गांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. किंवा एक कॉलेजात बसून आणि दुसरी दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन. आपल्याला दुसरा प्रकार सोयीचा. म्हणजे जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न असलेल्या जवळच्या कॉलेजात बी.एस्सी., आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची बी.कॉम. एक मात्र पक्के तपासा. दूरशिक्षणाचा तो अभ्यासक्रम अनुदान आयोगाने मान्य केलेला असला पाहिजे. गल्लीतल्या फलकावर ‘एका वर्षात पदवी’ लिहिलेले दिसले तर तिथून चालू लागा. आणि प्रवेश घेण्याआधी दोन्हीकडे लेखी विचारून घ्या, कारण परीक्षांच्या तारखा एकमेकांवर आल्या तर कोणते विद्यापीठ तुमच्या घरी येऊन माफी मागणार नाही.

दुसरा रस्ता एकाच पदवीच्या आत आहे, आणि सामान्य मुलासाठी आम्ही तोच आधी सुचवू. नवीन शैक्षणिक धोरण राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. त्यात एक मुख्य विषय असतो आणि एक दुय्यम विषय. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाप्रमाणे दुय्यम विषय दुसऱ्या शाखेतलाही घेता येतो. शिवाय खुला ऐच्छिक विषय तर दुसऱ्याच शाखेतला घ्यायचा असतो. म्हणजे मुख्य रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र, आणि दुय्यम वाणिज्याचा विषय, असे कागदावर शक्य आहे. कागदावर, असे मुद्दाम म्हणतो. ज्या कॉलेजात कला, वाणिज्य, विज्ञान तिन्ही एका छपराखाली आहेत तिथेही वेळापत्रक जुळत नाही असे सांगून मुलांना ठराविक विषयच दिले जातात. मुले लाजतात आणि गप्प बसतात. लाजू नका. जूनमध्ये प्राचार्यांना पाच-सहा मुलांनी मिळून लेखी अर्ज द्या. एकट्याचा अर्ज टेबलावर राहतो, सहा जणांचा वेळापत्रकात जातो.

तिसरा रस्ता एकापाठोपाठ एक. आधी बी.एस्सी. नीट करा, मग सीईटी देऊन एम.बी.ए. करा. किंवा सी.ए. कडे वळा. पदवीधराला सी.ए.च्या इंटरमिजिएटला थेट प्रवेश मिळतो, त्याला वाणिज्य पदवीला ५५ टक्के लागतात आणि इतर पदव्यांना ६० टक्के. विज्ञानाचा पोरगा सी.ए. होऊ शकत नाही, ही चुकीची समजूत आहे. चौथा रस्ता कृषी विद्यापीठांचा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आपला जिल्हा येतो. कृषी, अन्नतंत्रज्ञान, कृषी व्यवसाय व्यवस्थापन अशा पदव्यांत शेतीचे विज्ञान आणि बाजार दोन्ही शिकवतात. त्याला सीईटी लागते. बी.बी.ए.लाही राज्यात २०२४ पासून सीईटी लागू झाली आहे, तिची नोंदणी बारावीच्या निकालाआधी होते. हे ठाऊक नसल्याने पालक निकालानंतर जातात आणि हात हलवत परत येतात.

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि हे दहावीतल्या मुलांच्या आयांनी नीट ऐकावे. बारावी विज्ञान झालेल्याला बी.कॉम. करता येते. बारावी वाणिज्य झालेल्याला बी.एस्सी. सहसा करता येत नाही. दार एकाच बाजूने उघडते. म्हणून ज्या मुलाला गणित आणि शास्त्र झेपते, त्याला केवळ ‘कॉमर्सला खर्च कमी’ म्हणून अकरावीला तिकडे घालू नका. पुढचे अर्धे रस्ते तिथेच बंद होतात. पण ज्याला शास्त्र खरोखर झेपत नाही, त्याला शेजारच्याचे पाहून विज्ञानात ढकलणेही पाप आहे. त्याने बी.कॉम. उत्तम करावे. विज्ञानाचा हवा तेवढा भाग त्याला अन्नप्रक्रिया, कुक्कुटपालन अशा लहान प्रशिक्षणांतून घेता येतो. आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन चौकशी करावी. तिथे जायला पदवी लागत नाही, चपला झिजवायची तयारी लागते.

पैशाचे काय? अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पालकांचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, अर्ज महाडीबीटीवर भरायचा. वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्या अटी समाजकल्याण कार्यालयातून तोंडी न ऐकता छापील घ्याव्यात. दुसऱ्या पदवीची फी मात्र आपल्या खिशातून जाणार असे धरूनच बेत करावा. मुक्त विद्यापीठाची फी फार नसते, पण नसते म्हणजे शून्य नसते. हळदीच्या जेवणावळीतून एक वर्षाची फी सहज निघते, हे आम्ही बोलू नये, पण बोललो.

दोन्ही शिकण्याला किंमत वेळेची पडते. विज्ञानाचे प्रॅक्टिकल दुपारी उशिरापर्यंत चालते. धडगाव, अक्कलकुव्याकडून एस.टी.ने येणारे पोर घरी पोचते तेव्हा दिवेलागण झालेली असते. त्यानंतर दुसऱ्या पदवीची पुस्तके उघडायची. हे प्रत्येकाला जमणार नाही, आणि दोन अर्धवट पदव्यांपेक्षा एक पुरी पदवी केव्हाही बरी. म्हणून पहिल्या वर्षी एकच पदवी धरावी, ती सगळ्या विषयांत पास झाली तर दुसऱ्या वर्षी दुसरी सुरू करावी, असे आम्हांला वाटते. कायदा एकदमच सुरू करा असे म्हणत नाही.

मुलींबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. आमच्या पाहण्यात असे आले आहे की दोन्ही विद्या एकत्र शिकण्याची चिकाटी मुलींत जास्त असते. पण त्यांचा वेळ आपण चोरतो. मुलगा अभ्यासाला बसला की आई म्हणते, त्याला उठवू नका. मुलगी बसली की म्हणते, पाणी आलं, आधी भरून घे. रोजचे दोन तास. आठवड्याचे चौदा. वर्षाचे सातशेवर तास होतात. आयाबायांनो, रागावू नका. हा हिशोब चुकीचा असेल तर घरी जाऊन घड्याळ लावून मोजा. बापांनीही हंडा उचलायला शिकावे, त्याला कोणत्याही विद्यापीठाची परवानगी लागत नाही.

शिकून झाल्यावर पहिले काम काय करायचे, तेही सांगतो, कारण मुले नेमके इथे अडतात. जिल्हा उद्योग केंद्रात किंवा बँकेत कर्जाला गेले की प्रकल्प अहवाल मागतात. तो एजंटाकडून पैसे देऊन लिहून घेतात आणि एजंट सगळ्यांना एकच छापील अहवाल देतो, नाव तेवढे बदलतो. मिरची पावडरच्या कारखान्याच्या अहवालात बेकरीची यंत्रे आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. बँकेचा अधिकारी दोन प्रश्न विचारतो आणि अर्जदार गडबडतो. या अहवालाचा अर्धा भाग म्हणजे कच्चा माल कोणता, त्यावर प्रक्रिया कशी, घट किती, प्रत कशी राखणार. दुसरा अर्धा भाग म्हणजे भांडवल, खेळता पैसा, महिन्याचा खर्च, विक्री, हप्ता. विज्ञान आणि वाणिज्य दोन्ही शिकलेल्या मुलाने स्वतः लिहिलेल्या अहवालावर तो अडत नाही, कारण प्रत्येक आकडा त्याचा असतो. आम्ही म्हणतो, दुसऱ्या वर्षाला असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने सरावाखातर असा एक अहवाल लिहून काढावा. धडगावचे आमचूर घ्या, नवापूरची तूरडाळ घ्या, मोहाची फुले घ्या. विषय दारात पडले आहेत.

समितीला आमची विनंती एवढीच की विहाराचे सभागृह संध्याकाळी सात ते दहा अभ्यासासाठी उघडे ठेवावे, वीज आणि दोन पंखे चालू ठेवावेत, आणि दहावीचा निकाल लागला की त्या आठवड्यातल्या रविवारी पालकांना मुलांसह इथे बोलवावे. येताना गुणपत्रक, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला यांच्या दोन दोन झेरॉक्स आणाव्यात. आम्ही स्वतः हजर राहू, आणि ज्यांची मुले आता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहेत त्यांनी मुक्त विद्यापीठाचे माहितीपत्रक पाहायला आज कार्यक्रम संपल्यावर भोजनाआधी आमच्याकडे यावे, चार प्रती सोबत आणल्या आहेत.

जयभीम.